जालन्यात शिवलेली गवसणी

आमच्या जालन्याला बर्फ भेटतो तो लादीच्या रूपाने. उन्हाळ्यात सकाळच्या प्रहरी तो हातगाडीवरून येतो, अंगावर गोणपाट पांघरून आणि लाकडाच्या भुशात लोळून. रसवंतीवाला त्याला टोच्याने फोडतो, गोळेवाला रंध्यावर घासतो, आणि दुपारच्या त्रेचाळीस अंशांत त्याचा शेवटचा तुकडा कुणा पोराच्या जिभेवर संपतो. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरचे हे गाव. उत्तरेकडे भोकरदन-जाफराबादच्या अंगाने अजिंठ्याच्या डोंगररांगा लागतात, पण गारांपलीकडे बर्फ त्यांनीही कधी पाहिलेला नाही. अशा गावात बर्फावर चढण्याच्या हत्यारांना अंगरखे शिवण्याची पाळी माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकावर आली, त्याची ही हकिगत.

गेल्या दिवाळीत आमची कन्या पुण्याहून घरी आली. ती नोकरी करते, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात डोंगर चढते. सह्याद्रीचे कडे झाले, मग उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतले शिक्षण झाले. ही संस्था १९६५ सालची. पंडितजींच्या मृत्यूनंतरच्या पुढच्याच वर्षी, त्यांच्या जन्मदिनी ती सुरू झाली. तिथे असताना हत्यारे संस्थेची होती, त्यामुळे आम्हांला त्यांचे दर्शन घडले नव्हते. आता जानेवारीत मित्रमैत्रिणींबरोबर हिमाचलातल्या स्पितीत जायचे ठरले होते. तिथे ऐन हिवाळ्यात धबधबे जागच्या जागी गोठतात आणि ही मंडळी त्या उभ्या बर्फावरून वर जातात. त्यासाठी तिने स्वतःची हत्यारे घेतली होती, काही नवी, काही वापरलेली. किंमत मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरीही हा अंक येतो.

हत्यारे वर्तमानपत्रात आणि जुन्या पायमोज्यांत गुंडाळलेली होती. तिने पाठपिशवी दिवाणावर ठेवली आणि दोन मिनिटांत ओढली. दिवाळीसाठी म्हणून सौ.ने त्याच दिवशी घातलेली नवी चादर हातभर टरकली.

"आई, सॉरी. क्रॅम्पॉन बाहेर आला बहुतेक."

"काय आला?"

मग एकेक चीज बाहेर निघाली. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाच्या तळाला बांधायचा पोलादी सांगाडा. त्याला दहा दात खाली आणि दोन पुढे, मांजराने पंजा काढावा तसे. दोन कुऱ्हाडी, प्रत्येकी सहाएकशे ग्रॅमच्या, पण आपल्या कुऱ्हाडीसारख्या सरळ नव्हेत. दांडा वाकलेला, पाते चोचीसारखे, चोचीला खालून करवतीचे दात. आणि डझनभर आइस-स्क्रू. हा प्रकार मला फार आवडला. वीतभर लांबीची पोकळ नळी, बाहेरून आटे, टोकाला चार तीक्ष्ण दात आणि डोक्याशी दोर अडकवायला कडी. बर्फात हा फिरवत फिरवत घुसवायचा, आतला बर्फ नळीतून बाहेर येतो आणि आटे पकड घेतात. चढणारा पडलाच तर त्याचे वजन या नळीवर येते.

"आणि हे दात बोथट झाले तर?" मी विचारले.

"तर तो बर्फात धरत नाही. एका हाताने कुऱ्हाडीला लटकलेले असतो आपण बाबा, दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवायचा. नवा स्क्रू झटकन जातो. बोथट असला की नुसता घसरतो, आणि तोवर लटकलेला हात गळून जातो."

हे ती ज्या सहजतेने बोलली, ती सहजता मला रात्रभर झोप येऊ देईना. नळ्या पायमोज्यात एकमेकींवर घासत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तिला चढायला शिकवणे माझ्या आवाक्यातले नव्हते. तिला जाऊ नको म्हणणे आवाक्यातले होते, पण त्याचा उपयोग नव्हता. राहता राहिली एक गोष्ट: त्या दातांना घर देणे. पहाटे उठून मी सौ.ला म्हटले, "आपण पिशव्या शिवू."

आता माझी चूक सांगतो. प्राध्यापकाला काटकसरीची सवय असते आणि तिला तो व्यवहारज्ञान समजतो. नवी ताडपत्री घेण्याऐवजी मी भंगाराच्या गल्लीतून जुन्या ताडपत्रीचा मोठा तुकडा घेऊन आलो. जाड, मजबूत, पावसापाण्यात मुरलेली. कुठे कुठे बारीक भोके होती, ती उंदराची असावीत असा तर्क केला. सौ.ने तिची शिवणयंत्राची सुई घालून एक मोठी थैली उभी केली. त्यात दोन सुया मोडल्या आणि तिसरी वाकली. कन्येला चकित करावे म्हणून तिचा साठ मीटरचा नवा दोर मी स्वतः नीट वेटोळे करून त्या थैलीत भरला. दोन रात्री तो तीत राहिला. तिसऱ्या दिवशी, थैलीच्या तोंडाला नीट पट्टी लावून घ्यावी म्हणून ती रिकामी करून मी मोंढ्यात गेलो.

मोंढा म्हणजे जालन्याचे काळीज. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या व्यापारावर झाली त्यातला बराचसा इथून वाहतो. कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी, आणि त्यांच्या मागोमाग येणारा सारा पसारा: पोती, सुतळ्या, दोरखंड, वजनकाटे, ताडपत्र्या. बियाण्यांचे नाव जालन्याने देशभर नेले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिकोची मुहूर्तमेढ रोवली. औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आहेत, तिथे भंगार वितळून घरांच्या सळया होतात. म्हणजे पोलाद आहे, जाड कापड आहे, आणि ते शिवणारे हातही आहेत. नाही तो फक्त बर्फ.

ताडपत्र्या, ट्रॅक्टरची छते आणि मोटारसायकलींची सीट-कव्हरे शिवणारे एक वयस्कर कारागीर आहेत. सारा मोंढा त्यांना मामू म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. मांडी घालून बसतात, समोर जाड कामाचे जुने यंत्र, आणि कानावर पेन्सिल.

"काय करायलात सर? प्राध्यापक माणूस आन् ताडपत्री?"

मी थैली पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, भोकांपाशी कापड चिमटीत पकडले आणि ओढले. पापड मोडावा तसा तुकडा त्यांच्या हातात आला.

"ही कुठून आणली?"

मी सांगितले.

"ही बॅटऱ्यांखाली अंथरलेली हाये सर. तेजाब खाल्लेलं कापड. उंदीर असं गोल गोल खात नाही." मग त्यांनी ती थैली दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. "यात काय ठेवलं होतं?"

मी घरी आलो आणि कन्येला सारे सांगितले. ती हसेल, फार तर रागावेल, असे वाटले होते. ती गप्प झाली. दोर बाहेर काढून अंगणात पसरला आणि सगळी साठ मीटर लांबी बोटांतून सरकवत पाहिली. मलाही दाखवला. कुठे डाग नाही, रंग उडालेला नाही, धागा निसटलेला नाही; दुकानातून आणला तसा दोर.

"चांगला दिसतोय की," मी म्हणालो.

"दिसतो बाबा. नायलॉनला तेजाब लागलं की ते आतून मरतं. वरून काही कळतच नाही. कळतं ते पडल्यावर." बॅटरीतले गंधकाम्ल दोराला लागून तो ऐन वेळी तुटल्याची उदाहरणे जगात घडलेली आहेत, हे तिने मला नंतर सांगितले. मोटारीच्या डिकीत दोर ठेवू नये असे गिर्यारोहकांना शिकवतात ते म्हणूनच. "लागलंय की नाही, मला माहीत नाही. पण संशय आला की दोर संपला."

ती आत गेली आणि भाजीची सुरी घेऊन आली. तो नवाकोरा दोर तिने दोन-दोन हातांचे तुकडे करून कापला. तुकडे का, असे मी विचारले. सबंध दोर राहिला तर उद्या कुणीतरी, कदाचित आपल्यालाच विसर पडून, त्यावर लटकेल; तुकड्यांवर कुणी लटकत नाही. सौ. दाराशी उभी होती. चादर फाटली तेव्हा ती दहा मिनिटे बोलली होती. या वेळी काहीच बोलली नाही. त्यातले चार तुकडे अजून आमच्या अंगणात आहेत, त्यांवर धोतर-पंचे वाळतात. मी त्यांच्याखालून जाताना मान खाली घालतो, आणि ते केवळ डोक्याला ओले पंचे लागतात म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी कन्येला घेऊनच मामूंकडे गेलो. नवी कोरी सुती कॅनव्हास घेतली, खताचे किंवा औषध लावलेल्या बियाण्यांचे पोते तिच्याजवळ आलेले नाही अशी खात्री करून. मामूंनी कुऱ्हाड हातात घेतली, तोलली आणि मराठी सोडून म्हणाले, "ये तो गैंती का बच्चा है!" टिकावाचे पिल्लू. मोंढ्यातले दोन हमाल आणि एक अडत्या तोवर भोवती जमले होते. क्रॅम्पॉन पाहून अडत्याने विचारले, "पोरी, हे घालून चालायचं?" ती म्हणाली, "चालायचं नाही काका, चढायचं."

मामूंचे डोके मात्र शिवणीत गुंतले होते. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा शंभरपट चांगले होते. टोक कुठे टेकतं? ओलं असताना आत जातं का? पाणी कुठून निघणार? वजन तळावर येतं की बंदावर? कन्या उत्तरे देत गेली आणि पिशव्यांचा आराखडा त्यांच्या संवादातून उभा राहिला. क्रॅम्पॉनच्या दोन्ही जोड्या तोंडाला तोंड लावून, दातांत दात अडकवून ठेवायच्या. म्हणून पिशवी बसकी आणि रुंद. तळाला कारखान्यातल्या माल वाहणाऱ्या जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा. तो मामूंनी आधी साबणाने धुतला, वाळवला, नाकाला लावून हुंगला आणि मगच कापला. बाजूंना ट्रकच्या ट्यूबचे अस्तर. तळाशी ताडपत्रीला असतात तसे चार पितळी डोळे, वितळलेले पाणी निथळून जावे म्हणून. कोंडलेल्या ओलीत पोलादाला एका रात्रीत तांबेरा चढतो. चोचींना चामड्याची म्याने, आणि त्यांच्या टोकाशी चामडे तिपदरी. ती शेजारच्या चर्मकाराने मेण लावलेल्या दोऱ्याने हाती शिवून दिली. यंत्राची शीण मोजून घ्या म्हणाला, हाताची घालतो तितकी पुरते.

आइस-स्क्रूंचा पेच मात्र सुटेना. बारा नळ्या, तीन निरनिराळ्या लांबीच्या, एकमेकींना लागता कामा नयेत, आणि चढताना हवी ती एका हाताने निघाली पाहिजे. मामूंनी दोनदा कागदावर आखून खोडले. तेव्हा मला एकदम आजीची चंची आठवली.

वाचकहो, चंची तुमच्यापैकी किती जणांच्या घरात आता असेल कोण जाणे. खणाची किंवा मांजरपाटाची लांब पट्टी, तिला ओळीने कप्पे, सुपारीचा वेगळा, काताचा वेगळा, लवंगेचा चिमुकला. वरून झाकणाची घडी, सबंध पट्टी गुंडाळायची आणि टोकाच्या बंदाने दोन फेरे देऊन बांधायची. आजी अंधारात नुसत्या बोटांनी तिच्यातून लवंग काढायची. न्हाव्याची धोकटी याच कुळातली. मी मामूंना पेन्सिल मागून चंची काढून दाखवली. चित्र फार वाईट आले, पण मामू म्हणाले, "हां हां, अम्मी की चंची!" आणि त्यांनी यंत्र फिरवायला सुरुवात केली. बारा कप्पे, तळाला रबराची पट्टी म्हणजे दात कापडाला खाणार नाहीत, कड्या वर उघड्या, झाकणाची घडी आणि सुती नाडा. माझ्या आयुष्यात मी मराठीचे इतके उपयुक्त अध्यापन केलेले नाही.

वस्तूला घर देण्यासाठी आपल्या भाषेने शब्दांची काय चंगळ केली आहे! तलवारीला म्यान, उशीला अभ्रा, बैलाला झूल, पोथीला बासन, वैद्याला बटवा. आमच्या घरचा दासबोध आईने लाल बासनात बांधलेला असे, आणि याच जिल्ह्यातल्या जांबेत समर्थांचा जन्म झाला, एवढ्याने ती त्या बासनालाही नमस्कार करी. आणि तंबोऱ्याला, वीणेला जी घालतात ती गवसणी. अशक्यप्राय गोष्ट करू पाहणाऱ्याला आपण 'आकाशाला गवसणी घालतो' म्हणतो. वर्गात हा वाक्प्रचार मी पंचवीस वेळा तरी फळ्यावर लिहिला असेल. त्यात शिवणकाम आहे हे मामूंच्या दुकानात बसेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

दुकानात बसल्या बसल्या कन्येने मामूंना एक गोष्ट सांगितली. दहा दातांचा क्रॅम्पॉन ऑस्कर एकेन्स्टाइन नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाने विसाव्या शतकाच्या आरंभी आखला आणि घडवला तो इटलीतल्या कुर्मायर गावच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने. त्या घराण्याच्या भट्टीत तोवर शेतीची अवजारे होत होती. १९२९ साली त्याच घराण्यातल्या लॉराँ ग्रिव्हेलने पुढचे दोन दात वाढवले, आणि उभ्या बर्फावर समोरून चढणे शक्य झाले. मामूंनी शिलाई थांबवून विचारले, "म्हणजे विळे करणारा?" "हो, तसाच." त्यांनी मान डोलावली आणि चौथ्या कप्प्याची एक शिवण उसवून पुन्हा घातली. ती मला तरी सरळ दिसत होती.

शिलाईचे पैसे विचारले तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच्या सीट-कव्हराचा दर लावला. जास्त घ्यायला तयार होईनात.

जानेवारीत ती गेली. दोर अर्थातच दुसरा, तिने पुण्यात घेतला. पैसे मी देऊ केले, तिने अर्धे घेतले. ते पंधरा दिवस कसे गेले हे ज्यांची मुले डोंगरात जातात त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळणार नाही. २०१६ साली औरंगाबादचे पोलीस शिपाई शेख रफीक एव्हरेस्टवर पोचले, २०१८ साली तिथल्याच मनीषा वाघमारे पोचल्या. तेव्हा आम्ही मराठवाड्याचा अभिमान म्हणून पेढे खाल्ले होते. पण रात्री दोन वाजता आठवतो तो ४ ऑक्टोबर २०२२. त्या दिवशी द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या त्याच संस्थेच्या तुकडीवर हिमाचा लोंढा आला आणि एकोणतीस जण गेले. सविता कंसवाल ही प्रशिक्षिका त्यांत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती एव्हरेस्ट चढून आली होती. कुठलीही गवसणी तिथे उपयोगी पडली नसती, हे मला कळते. तरी मी अंधारात बाराही कप्पे मनाशी मोजत असे, आणि अकरा भरले की पुन्हा पहिल्यापासून मोजत असे.

ती मे महिन्यात घरी आली तेव्हा चंची बरोबर होती. दात जसेच्या तसे होते, कप्पा एकही फाटलेला नव्हता, पितळी डोळे थोडे हिरवटले होते. नाडा मात्र नव्हता. त्याच्या जागी कापलेले दोन बुडखे.

"गाठ गोठली बाबा. ओला नाडा रात्री लाकूड झाला. जाड हातमोजे घालून गाठ सुटेना, काढले तर बोटं चालेनात. कापला शेवटी." मग घाईने म्हणाली, "बाकी सगळ्यांनी नमुना मागितला आहे. साखळी लावली असती तर तीही बर्फाने अडकते, आणि चिकटपट्टीत बर्फ भरला की ती चिकटत नाही. नाड्याचंच काहीतरी करायला हवं."

आम्ही त्याच दुपारी मोंढ्यात गेलो. ऊन असे होते की डांबराला पावलांचे ठसे उठत होते. मामूंनी बुडखे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. आपल्या कामात खोट निघाली हे त्यांना सोसेना. "गाठ द्यायचीच कशाला मग?" ते पुटपुटले. थोड्या वेळाने त्यांनी पट्ट्याच्या रबराचा एक आडवा दांडका कापला, बोटाएवढा, आणि दुसऱ्या टोकाला जाड फितीचा मूठभर मोठा फास शिवला. दांडका फासात घालायचा की झाले. गुराख्यांच्या घोंगडीला काडीची गुंडी असते ना, तशी.

"हातमोजा आहे का जवळ?" त्यांनी कन्येला विचारले.

होता. गादीसारखा जाड, कोपरापर्यंतचा. मामूंनी तो उजव्या हातात चढवला, डोळे मिटले आणि चंची मांडीवर घेऊन चाचपडत फास शोधू लागले. कपाळावरून घाम त्यांच्या दाढीत उतरत होता. पहिल्या खेपेला दांडका निसटला. ते काही बोलले नाहीत. फास अर्ध्या बोटाने वाढवला, पुन्हा शिवला आणि पुन्हा हातमोजा चढवला. भोवती हमाल जमले, अडत्या आला, रसवंतीवाला हातातला बर्फाचा टोचा तसाच घेऊन आला.

"काय चाललंय मामू?" कुणीतरी विचारले.

"चूप," मामू म्हणाले. "बहुत ठंड है."